कोकण ते देश: स्थानिक जिऑइड जागतिक मॉडेलपेक्षा वाईट का येतो?

प्रश्नात बराच तपशील आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. चिपळूण-पोलादपूरपासून घाट चढून सातारा-पुण्यापर्यंतच्या पट्ट्याचा जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रसपाटी जमिनीखालूनही पुढे नेली तर होणारं पृष्ठ, तुम्हाला हवा आहे. हाताशी सामग्री अशी: कोकणातले आणि घाटरस्त्यांवरचे जुने प्रकाशित गुरुत्व-बिंदू, देशावर स्वतः ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजणारं यंत्र) आणि जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान आणि उंची देणारा) रिसीव्हर घेऊन मोजलेले नवे बिंदू, एसआरटीएम या रडार-मोजणीतल्या भूउंच्या आणि ईजीएम २००८ हे गुरुत्वाचं जागतिक मॉडेल. जागतिक मॉडेलचा आणि डोंगरांचा वाटा वजा करायचा, उरलेल्यावर स्टोक्सचं संकलन (आजूबाजूच्या गुरुत्वावरून जिऑइडची उंची काढणारी बेरीज) चालवायचं आणि वजा केलेलं परत मिळवायचं, या नेहमीच्या पद्धतीने तुम्ही हिशेब केलात. बेंचमार्कांवर (लेव्हलिंगने उंची ठरवलेल्या खुणांवर) जीएनएसएस लावून निकाल ताडला, तर नुसतं ईजीएम २००८ जितकं जुळतं तितकाही हा नवा जिऑइड जुळेना. शिवाय पूर्वेकडे जावं तसा तुमचा जिऑइड बेंचमार्क सांगतात त्यापेक्षा खोल खोल जातो. आणि शेवटचा प्रश्न: कर्नल (त्या बेरजेत अंतरानुसार द्यायचं वजन) बदलू, की कोलोकेशन या वेगळ्या, सांख्यिकी पद्धतीकडे वळू?

माझं मत, आत्ता दोन्ही नको. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगराळ भागात काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. एकच गुरुत्व डेटा आणि एकच भूउंची डेटा वेगवेगळ्या देशांतल्या संगणन गटांना दिला गेला आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने जिऑइड काढला. कुणी स्टोक्स-हेल्मर्ट, कुणी किमान वर्गांचं कर्नल, कुणी कोलोकेशन, कुणी रेडियल बेसिस फंक्शन. तो प्रदेश सह्याद्रीपेक्षा कितीतरी उंच, तरी निकालांत फरक पडला तो काही सेंटिमीटरांचा. म्हणजे डेटा एकसारखा आणि स्वच्छ असेल तर पद्धतींमधला वाद सेंटिमीटरांचा आहे. तुमच्यासारखा मोठा, एका दिशेने वाढत जाणारा फरक पद्धतीतून सहसा येत नाही. तो गुरुत्वाच्या तक्त्यातून येतो.

असं का होतं ते एका हिशेबाने पाहू. स्टोक्सचं कर्नल जवळच्या अंतरावर साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात वागतं. त्यामुळे एखाद्या बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात सगळीकडे अनॉमली (मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वातला फरक) सारख्याच प्रमाणात चुकली असेल, तर जिऑइडमधली चूक जवळपास इतकी येते: अनॉमलीतली चूक, भागिले गुरुत्व, गुणिले त्रिज्या. गुरुत्व सुमारे ९,८०,००० मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं छोटं एकक). त्रिज्या एक अंश, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. चूक फक्त १ मिलिगॅल धरली तरी जिऑइड ११ सेंटिमीटरने हलतो. आता दुसरी बाजू बघा. दर पाच किलोमीटरला एक बिंदू आहे आणि प्रत्येकाची चूक २ मिलिगॅलची, पण ज्याची त्याची स्वतंत्र, कधी अधिक कधी उणे. त्या सगळ्यांचा मिळून जिऑइडवर परिणाम साधारण एका सेंटिमीटरचा होतो. तराजूत पासंग असेल तर कितीही वेळा वजन केलं तरी तो निघून जात नाही, तसंच हे आहे. अनेकजण एकेका बिंदूचं वाचन दशांशापर्यंत नीट करण्यात महिने घालवतात आणि दोन संचांमधल्या एकसारख्या फरकाकडे बघतही नाहीत. जिऑइडच्या कामात तो फरकच सगळ्यात महाग पडतो.

तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही ओझरती सांगितली आहे: जुने बिंदू कोकणात आणि घाटात, नवे बिंदू देशावर. दोन संच, दोन पद्धती, आणि त्यांची सरहद्द बरोबर घाटमाथ्यावर. दोन संचांचे शून्य एक नसतील, तर जिऑइडमध्ये पूर्व-पश्चिम कल पडणारच. तेव्हा शोध इथून सुरू करायचा.

आधी नव्या बिंदूंची उंची. फ्री-एअर अनॉमली म्हणजे मोजलेलं गुरुत्व, अधिक ०.३०८६ गुणिले मीटरमधली उंची, वजा एलिप्सॉइडवरचं (पृथ्वीसाठी धरलेल्या गुळगुळीत, ध्रुवांशी चपट्या गोलावरचं) सामान्य गुरुत्व. यातली उंची समुद्रसपाटीपासूनची हवी. जीएनएसएस रिसीव्हर देतो ती एलिप्सॉइडपासूनची. युरोप-अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकातलं उदाहरण सोडवताना या दोन्हींतला फरक वीस-चाळीस मीटरांचा असतो. आपल्याकडे जिऑइड एलिप्सॉइडच्या खाली आहे आणि बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो शंभर मीटरहून जास्त खाली जातो, पृथ्वीवरचा सगळ्यात खोल भाग तोच. मुंबई-पुण्याच्या बाजूला हा आकडा साठ-सत्तर मीटरांच्या घरात आहे. ६५ मीटर धरा. ०.३०८६ गुणिले ६५ म्हणजे २० मिलिगॅल. सूत्रात चुकून एलिप्सॉइडी उंची गेली तर देशावरची प्रत्येक अनॉमली २० मिलिगॅलने कमी येईल, जिऑइड तिथे खोल जाईल, आणि एक अंशाच्या परिसरात तो दोन मीटरपर्यंत खेचला जाऊ शकतो. तुमच्या कलाची दिशा याच्याशी जुळते.

एलिप्सॉइडी उंची वापरून जी राशी निघते ती खरं तर निरुपयोगी नाही. तिला ग्रॅव्हिटी डिस्टर्बन्स म्हणतात आणि आजच्या काळात तीच जास्त स्वच्छ राशी आहे, कारण तिला लेव्हलिंगची गरजच पडत नाही. पण तिच्यासाठी स्टोक्सचं नव्हे, हॉटीनचं कर्नल लागतं, आणि मग जुने बिंदूही त्याच रूपात आणावे लागतात. एका संचात अनॉमली आणि दुसऱ्यात डिस्टर्बन्स अशी खिचडी चालत नाही.

दुसरी शक्यता जुन्या बिंदूंची. १९७१ च्या आधी गुरुत्वाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी पॉट्सडॅमच्या निरीक्षणावर आधारलेली होती आणि ती सुमारे १४ मिलिगॅलने जास्त होती. आयजीएसएन ७१ या जाळ्याने ते दुरुस्त झालं. याच जुन्या याद्यांमध्ये अनॉमली काढण्यासाठी बहुधा १९३० चं आंतरराष्ट्रीय गुरुत्व-सूत्र वापरलेलं असतं. जीआरएस ८० या आजच्या एलिप्सॉइडच्या सूत्राशी त्याचा फरक अक्षांशावर ठरतो: उणे १६.३, अधिक १३.७ गुणिले अक्षांशाच्या साइनचा वर्ग. साडेअठरा अंशांवर हे उणे १४.९ मिलिगॅल येतं. आता गंमत पाहा. दोन्ही सुधारणा केल्या तर त्या एकमेकींना जवळजवळ खातात आणि अनॉमलीत जेमतेम १ मिलिगॅलचा फरक उरतो. दोन्ही विसरल्या तरी तेवढीच चूक, म्हणजे वर पाहिल्याप्रमाणे दहाएक सेंटिमीटर. पण एकच केली आणि दुसरी राहिली, तर सगळ्या संचात १४-१५ मिलिगॅलचा पासंग बसतो. अर्धवट दुरुस्त केलेली यादी मूळ यादीपेक्षा जास्त घातक, ती अशी. म्हणून छापील अनॉमली कधीही तशीच उचलू नये. यादीत मूळ गुरुत्व, उंची आणि अक्षांश-रेखांश असतील तर तिथून सुरुवात करून अनॉमली स्वतः काढावी. मूळ गुरुत्व दिलेलं नसेल, तर कोणतं सूत्र वापरलं ते शोधून उलट हिशेब करून ते परत मिळवावं.

कल किती मोठा आहे तो आकडा तुम्ही दिलेला नाही. त्यावरून बराच उलगडा झाला असता. मीटरभर किंवा जास्त असेल, तर उंचीची गल्लत किंवा अर्धवट दुरुस्ती. दहा-पंधरा सेंटिमीटरचा असेल, तर जुन्या बिंदूंच्या उंच्या शंकास्पद आहेत. अनेक जुनी सर्वेक्षणं वायुभारमापकाने उंची घेऊन केलेली असायची. हवामान बदललं की त्या दिवशीच्या सगळ्या बिंदूंची उंची एकाच बाजूला काही मीटर सरकते, आणि तीन मीटर म्हणजे जवळजवळ १ मिलिगॅल.

हे सगळं अंदाजाने ठरवायची गरज नाही. कुठल्याही जमिनीवरच्या डेटाशी संबंध नसलेला साक्षीदार आपल्याकडे आहे: गोसे उपग्रहाच्या मोजणीवर बेतलेली, फक्त उपग्रहांचीच मॉडेलं. गोसे २००९ ते २०१३ या काळात फिरला आणि साधारण शंभर किलोमीटरच्या पट्टीवर त्याची अनॉमली मिलिगॅल-दोन मिलिगॅलपर्यंत विश्वासाची आहे. आयसीजीईएम या जागतिक मॉडेलांच्या केंद्राच्या संकेतस्थळावरून असं मॉडेल दोनशे डिग्रीपर्यंत घ्या (डिग्री जितकी मोठी, तितका तपशील बारीक). तुमच्या प्रत्येक बिंदूवरून त्याचा वाटा वजा करा आणि त्या डिग्रीला साजेसा, म्हणजे शंभर किलोमीटरपेक्षा बारीक भूरूपाचा वाटाही वजा करा. मग उरलेल्या अनॉमलीची सरासरी संचानुसार वेगवेगळी काढा. एका संचाची सरासरी शून्याजवळ आणि दुसऱ्याची उणे वीस आली, तर आरोपी सापडला. ईजीएम २००८ या कामाला तितकं चांगलं नाही, कारण त्यात जमिनीवरचा डेटा मिसळलेला आहे आणि तुमचे जुने बिंदू कोणत्या तरी रूपात त्यात असण्याची शक्यता आहे. साक्षीदार स्वतंत्र हवा.

जुन्या याद्यांची आणखी एक खोड असते: अक्षांश-रेखांश भारतात पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरचे असतात. आपल्या भागात जीएनएसएसच्या डब्ल्यूजीएस ८४ शी त्यांचा फरक शंभर मीटरच्या वर जातो. सामान्य गुरुत्वाच्या दृष्टीने हे क्षुल्लक आहे. या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक किलोमीटर सरकलं तरी फरक अर्ध्या मिलिगॅलचा. पण भूरूपाच्या हिशेबात हेच शंभर मीटर नडतात. घाटाच्या उतारावरचा बिंदू शंभर मीटर बाजूला गेला की तो डीईएमवर (भूउंच्यांच्या जाळीवर) रस्त्यावरून दरीत किंवा कड्यावर जाऊन बसतो आणि उंचीत पन्नास-साठ मीटरांची तफावत पडते. तपासणी सोपी आहे. प्रत्येक बिंदूच्या नोंदलेल्या उंचीतून त्याच जागची डीईएमची उंची वजा करा आणि त्या फरकांचा नकाशा काढा. देशावर फरक थोडके, आणि कुंभार्ली, वरंध, आंबेनळी घाटात अचानक मोठे दिसले, तर स्थान सरकलेलं आहे. निर्देशक रूपांतरित करून पुन्हा काढा. तरीही वीस-तीस मीटरच्या वर फरक राहणारे बिंदू मी बाजूला काढतो, मग त्यांचं गुरुत्व कितीही चांगलं मोजलेलं असो.

आता डोंगरांकडे. सह्याद्रीची अडचण उंचीची नाही. कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच. अडचण आहे ती कड्याची. कोकणातली जवळजवळ समुद्रसपाटीची जमीन काही किलोमीटरांत सातशे-हजार मीटर चढते, आणि ईजीएम २००८ ची जाळी आहे पाच मिनिटांची, म्हणजे नऊ किलोमीटरची. कडा त्या जाळीच्या एकाच घरात मावतो. जागतिक मॉडेलला तो मुळात दिसूच शकत नाही आणि त्याची उणीव तुम्हालाच डीईएमवरून भरून काढायची आहे.

त्यात गुरुत्व-बिंदू कुठे असतात? रस्त्यावर. रस्ते असतात खिंडीत आणि दरीच्या कडेने. शिखरं आणि सडे रिकामे राहतात. फ्री-एअर अनॉमली उंचीबरोबर मीटरमागे साधारण ०.११ मिलिगॅलने वाढते. सहाशे मीटरवरच्या रस्त्यावरची अनॉमली अकराशे मीटरच्या कण्यालाही लागू आहे असं धरून जाळी भरली, तर त्या कण्यावर पन्नासहून जास्त मिलिगॅलची चूक होते, आणि ती नेहमी एकाच बाजूची असते. परिणाम जिऑइड खाली जाण्याकडेच. म्हणून डोंगराळ भागात फ्री-एअर अनॉमलीची सरळ जाळी करायची नाही, हा नियम मोडू नका. आधी भूरूपाचा वाटा काढून टाका, गुळगुळीत झालेल्या अवशेषाची जाळी करा, मग हवं तर जाळीच्या प्रत्येक घराच्या सरासरी उंचीसाठी तो वाटा परत घाला.

भूरूपाचा वाटा काढायचा तो सगळा डोंगर काढायचा नाही. इथे एक जुनी गोष्ट आठवते आणि ती याच विषयाची आहे. भारताचं सर्वेक्षण करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात हिमालयाच्या बाजूचं कालियाना आणि त्याच्या दक्षिणेचं कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर ताऱ्यांवरून आणि त्रिकोणीकरणावरून काढलं, तेव्हा ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक निघाला. प्रॅटने १८५५ मध्ये हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा किती ढळावा याचा हिशेब मांडला आणि उत्तर आलं १५.८८५ विकला. डोंगर दिसतो तेवढा ओढत नव्हता. त्यातूनच डोंगराखालच्या भरपाईची, म्हणजे समस्थितीची कल्पना प्रॅट आणि एअरी यांनी आपापल्या रीतीने मांडली. आपल्यासाठी त्याचा अर्थ इतकाच: डोंगराचा लांब पल्ल्याचा परिणाम खालची भरपाई बऱ्याच अंशी खोडून काढते आणि जे उरतं ते जागतिक मॉडेलमध्ये आलेलंच असतं. संपूर्ण बुगेर अनॉमली (सगळा डोंगर वजा केलेली) स्टोक्समध्ये घातली तर वगळलेलं वस्तुमान परत मिळवताना प्रचंड मोठा अप्रत्यक्ष परिणाम हाताळावा लागतो. म्हणून जागतिक मॉडेलला न दिसणारं तेवढंच भूरूप काढायचं. आरटीएम म्हणतात ती पद्धत हीच. डीईएम गुळगुळीत करून एक संदर्भ-पृष्ठ घ्यायचं आणि त्याच्या वरचं-खालचं तेवढं हिशेबात धरायचं. संदर्भ-पृष्ठाची जाळी जागतिक मॉडेलशी मिळती हवी. ईजीएम २००८ पूर्ण डिग्रीपर्यंत घेतलंत तर पाच मिनिटं, ३६० डिग्रीपर्यंत घेतलंत तर तीस मिनिटं. हे जुळलं नाही तर काही भूरूप दोनदा मोजलं जातं किंवा मधलं निसटतं. तुमच्या फाइलींच्या वर्णनावरून मॉडेल २१९० डिग्रीपर्यंतचं, म्हणजे पूर्ण, आणि संदर्भ-पृष्ठ तीस मिनिटांचं दिसतंय. मला बरोबर समजलं असेल, तर हे आजच बदला.

आरटीएममध्ये एक जागा अशी आहे जिथे आपला प्रदेश खास त्रास देतो. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचा बिंदू घ्या. जमीन तिथे खाली आहे, पण कडा जवळ असल्यामुळे गुळगुळीत केलेलं संदर्भ-पृष्ठ त्या बिंदूच्या बरंच वरून जातं. म्हणजे हिशेबापुरता बिंदू खडकाच्या आत गाडला गेला. तिथे हार्मोनिक दुरुस्ती लागते, आणि ती थोडीथोडकी नाही: दर शंभर मीटर खोलीला सुमारे २२ मिलिगॅल. ग्रॅव्हसॉफ्ट या जिऑइड-संगणनाच्या संचातला टीसी प्रोग्रॅम ती करतो. स्वतःचा पायथॉन कोड लिहिलेल्या मुलांकडून ती हमखास राहते, कारण सूत्र लिहिताना बिंदू पृष्ठाच्या वरच आहे असं गृहीत धरलेलं असतं. घाटमाथ्यावरचे बिंदू ठीक आणि पायथ्याचे सगळे एकाच बाजूला गेलेले, असं चित्र दिसलं तर ही दुरुस्ती तपासा. तुमच्या बाबतीत ती पश्चिमेला बिघाड करेल, पूर्वेला नाही.

घनतेबद्दल तुम्ही विचारलं आहे, की दख्खनच्या बेसाल्टला नेहमीची २.६७ (ग्रॅम दर घन सेंटिमीटर) कशी चालेल? बेसाल्ट जड आहे, २.८५ किंवा थोडी जास्त घनता धरली तर वस्तुस्थितीच्या जवळ जाल. पण थर सगळीकडे सारखा नाही. कोयना भागातल्या खोल विंधनविवरांत सुमारे किलोमीटरभर बेसाल्टखाली ग्रॅनाइटी पाया लागला, आणि सच्छिद्र थर व जांभा तर हलकेच. फरक किती पडतो ते बघा. पाचशे मीटरच्या पट्टीला २.६७ ने ५६ मिलिगॅल आणि २.८५ ने जवळजवळ ६०. हे चार मिलिगॅल मोठे वाटतात, पण जी घनता वजा करताना वापरली तीच परत घालताना वापरलीत तर बहुतेक भाग आपोआप खोडला जातो. पट्टाभर २.८५ लावून एकदा चालवून बघा, निकाल सेंटिमीटरच्या आसपास हलेल. या टप्प्यावर घनतेची चिंता करण्यात अर्थ नाही.

डीईएमचं मात्र बघा. एसआरटीएम ही फेब्रुवारी २००० मधली अंतराळयानावरच्या रडारची मोजणी आहे. कोयना-चांदोलीच्या दाट रानात रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, तो झाडांच्या गर्दीतूनच परततो. दहा मीटर झाडोरा खडक म्हणून मोजला गेला तर १ मिलिगॅलहून जास्त फरक, आणि तोही एकाच बाजूचा. झाडं-इमारती वजा केलेला डीईएम मिळत असेल तर तो घ्या. आणि कुठलाही डीईएम घेतलात तरी त्याची उंची कोणत्या जिऑइडवरची ते वाचा. एसआरटीएम ईजीएम ९६ वर आहे, कोपर्निकसचा ईजीएम २००८ वर.

समुद्राकडे दुर्लक्ष झालेलं दिसतं. तुमचा पट्टा किनाऱ्याजवळ सुरू होतो, म्हणजे पश्चिम टोकाला संकलनाच्या वर्तुळाचा मोठा भाग अरबी समुद्रावर पडतो. तिथे जाळी रिकामी सोडली किंवा शून्य भरलं, तर किनाऱ्यावर खोटा उतार तयार होतो. उपग्रह अल्टिमीटरवरून (समुद्रपृष्ठाची उंची मोजणाऱ्या रडारवरून) काढलेली सागरी अनॉमली सहज मिळते, ती भरा. फक्त किनाऱ्यालगतच्या दहा-वीस किलोमीटरांत अल्टिमीटरचा भरवसा कमी, तिथे वजन कमी द्या आणि जमिनीवरच्या बिंदूंना जोडून घ्या. जमिनीच्या बाजूलाही हवा त्या क्षेत्राच्या बाहेर किमान एक अंशभर डेटा असू द्या.

एवढं झाल्यावर कर्नल. लांब पल्ल्यासाठी उपग्रह जमिनीवरच्या डेटापेक्षा विश्वासू, आखूड पल्ल्यासाठी उलट. वाँग-गोर पद्धतीने कर्नलमधून खालच्या डिग्री काढून टाकल्या की स्थानिक डेटातला उरलासुरला पासंग जिऑइडमध्ये शिरत नाही. कुठपर्यंत काढायच्या हे तुमच्या डेटाच्या दर्जावर आहे. मी दीडशे ते दोनशेच्या दरम्यान दोन-तीन आकडे चालवून बघतो, आणि वर्तुळाची त्रिज्या अर्धा ते एक अंश. बेंचमार्कांशी सगळ्यात छान जुळणारा आकडा शोधत बसू नका. तसं केलंत की बेंचमार्कांच्या चुका कर्नलमध्ये जातात आणि पुढे पडताळ्याला काही उरत नाही. आकडे थोडे बदलल्यावर निकाल फारसा हलत नाही, अशी जागा निवडा.

पडताळ्याच्या बाजूलाही सापळे आहेत. तुमचा कल त्यातूनही थोडा येऊ शकतो. मॉडेलमधून निघते ती आधी हाइट अनॉमली, म्हणजे क्वाझी-जिऑइड (जिऑइडच्या जवळचं, पण डोंगरात वेगळं पडणारं पृष्ठ). लेव्हलिंगच्या उंच्या ऑर्थोमेट्रिक (जिऑइडपासून मोजलेल्या) असतील तर त्यांच्याशी जुळवायला जिऑइड हवा. दोन्हींतला फरक साधारणपणे बुगेर अनॉमली भागिले गुरुत्व, गुणिले उंची. महाबळेश्वरच्या पठारावर तेराशे मीटर उंची आणि समजा उणे १०० मिलिगॅल बुगेर अनॉमली धरली तर १३ सेंटिमीटर, आणि चिपळूणला जवळजवळ शून्य. हाच फरक विसरला तर घाटापाशी पायरी पडते. आयसीजीईएमवरून ईजीएम २००८ उतरवताना तुम्ही जिऑइड निवडला होता की हाइट अनॉमली, तेही बघा, नाहीतर तुमची तुलनाच विषम आहे.

बेंचमार्कांच्या उंच्या भारतीय लेव्हलिंग जाळ्याच्या १९०९ च्या समायोजनातल्या असतील, तर त्यात नऊ भरती-ओहोटी केंद्रांवरची सरासरी समुद्रसपाटी शून्य धरलेली आहे. प्रत्यक्षात ती नऊ शून्यं एकाच समपातळीवर नसतात, त्यामुळे जाळ्यात ताण शिरलेला आहे. म्हणून मॉडेल आणि बेंचमार्क यांच्यातला सरासरी फरक काही दशांश मीटर आला तर घाबरू नका. त्यात उंचीच्या शून्याचा फरक आहे, शून्य-डिग्रीचं पद, म्हणजे सगळीकडे सारखा असणारा स्थिरांक, आहे (ईजीएम २००८ साठी डब्ल्यूजीएस ८४ शी ते उणे ४१ सेंटिमीटर), आणि भरतीच्या संज्ञेतला (चंद्र-सूर्याची कायमची ओढ धरायची की नाही, यातला) फरकही आहे, जो मीन आणि झीरो टाइडमध्ये आपल्या अक्षांशावर सुमारे ७ सेंटिमीटर येतो. हे सगळे जवळपास स्थिर आकडे आहेत, निघून जातात. बघायचा तो सरासरी काढल्यानंतरचा प्रमाण-विचलनाचा आकडा आणि दोन बेंचमार्कांमधला सापेक्ष फरक.

आणि बेंचमार्क स्वतः? रस्ता रुंदीकरणात कित्येक जुने दगड उखडले, सरकले किंवा नव्या पुलाच्या कठड्यात बसवले गेले. जवळच्या दोन बेंचमार्कांमध्ये छोटी लेव्हलिंग करून ते एकमेकांशी जुळतात का ते बघितल्याशिवाय मी त्यांना साक्षीला घेत नाही. अर्ध्या तासाच्या जीएनएसएस निरीक्षणाच्या भरवशावर सेंटिमीटरची भाषा करता येत नाही, कित्येक तास बसावं लागतं. अँटेनाची उंची तिरकी मोजली की सरळ, हे वहीत लिहिलेलं हवं. चांगल्या बेंचमार्कांपैकी काही सुधारणा-पृष्ठासाठी (जिऑइड बेंचमार्कांशी जुळवणाऱ्या पृष्ठासाठी) वापरा, काही शेवटच्या पडताळ्यासाठी अगदी वेगळे ठेवा.

हे सगळं किती खोलात करायचं ते कामावर आहे. तीस-चाळीस किलोमीटरचा कालवा आखायचा असेल तर ईजीएम २००८ अधिक आरटीएम, आणि दोन्ही टोकांना व मध्ये नीट लेव्हल केलेले चार-पाच बिंदू, एवढ्यावर बहुधा भागतं. स्टोक्सचं संकलन करायचीही गरज नाही. राज्यात सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यामुळे (कायम चालू असलेल्या जीएनएसएस केंद्रांमुळे) रोव्हरवरची, म्हणजे हातातल्या फिरत्या रिसीव्हरवरची, एलिप्सॉइडी उंची आता कुणालाही मिनिटभरात मिळते, आणि तिला समुद्रसपाटीची उंची करून देणारा चांगला जिऑइड पट्ट्याभर हवा असेल तर मात्र वरचं एकही पाऊल गाळू नका. असा जिऑइड कोकण आणि देशाला जोडून कुणीतरी मनापासून करतंय याचा मला खरोखर आनंद आहे.

पुढच्या वेळी तीन गोष्टी पाठवा: दोन्ही संचांची गोसे वजा केल्यानंतरची सरासरी, बिंदूंची उंची वजा डीईएम यांचा नकाशा, आणि कलाचा आकडा. शिवाय जुन्या यादीतले ओळखू येतील असे घाटमाथ्यावरचे चार-पाच बिंदू स्वतः पुन्हा मोजा. दोन संच जोडायला त्याच्याइतका खात्रीचा मार्ग नाही. पाऊस लागण्याआधी जा. भूजलाचा गुरुत्वावरचा परिणाम या कामापुरता नगण्य आहे, पण घाटात दरडी येतात आणि धुक्यात जुनी खूण सापडत नाही. वाचनं पहाटे घ्या, ट्रकांची रहदारी वाढली की ग्रॅव्हिमीटर स्थिर होत नाही.